परसातले गवत आणि माहेरची खाचरे

आमच्या घरामागे गेली चार वर्षे एक गवत वाढते आहे. उन्हाळ्यात ते छातीइतके उंच होते, त्याला लांब, सडपातळ लोंब्या येतात, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटावे की या बाईने अंगण साफ करायचे सोडून दिले आहे. पण हे गवत मी मुद्दाम पेरलेले आहे. त्याचा दाणा दरवर्षी तोलून वहीत लिहिलेला आहे. आणि माहेरची दोन खाचरे व एक वरकस तुकडा विकायचा की ठेवायचा, हा निर्णय अब्बांनी दोन वर्षे या गवतापायी अडवून धरला होता. म्हणून त्याची हकीकत सांगावीशी वाटते.

मी दापोली तालुक्यातली. लग्नानंतर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात आले. इथे वर्षातले पाच महिने जमीन गोठलेली असते. कोकणातल्या मुलीला माती दिसली नाही की चुकल्यासारखे होते, म्हणून बर्फ वितळला की मी परसात उतरते. कोथिंबीर, मेथी, मिरची, भेंडी, दुधी एवढे लावायची. धान्य लावायचे कधी मनात आले नव्हते. धान्य म्हणजे शेतकऱ्याचे काम, परसात कोण गहू पेरतो?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने मला कागदाची पुडी दिली. बागकामातून आमची ओळख झाली होती. पुडीत जिऱ्यासारखे बारीक, फोलपटासकट दाणे होते. त्या म्हणाल्या, "हे एकदाच पेरायचे. पुढच्या वर्षी कापायचे, पण उपटायचे नाही. त्याच मुळातून ते पुन्हा येते."

आपल्याकडे आंबा, काजू, नारळ एकदा लावला की वर्षानुवर्षे फळ देतो. भात, गहू, ज्वारी, नाचणी यांचे तसे नाही. दाणा पिकला की रोप मरते. दरवर्षी नांगरट, पेरणी, लावणी, बेणणी पहिल्यापासून. माणूस शेती करू लागला त्याला दहा हजार वर्षे झाली, आणि दजला-फुरातच्या आसपासच्या मुलखात त्याने जी पहिली धान्ये हाताशी धरली, ती वर्षात संपणारीच होती. एका वर्षात मरणारे रोप आपली सगळी शक्ती दाण्यात घालते, म्हणून त्याचा दाणा मोठा. वर्षानुवर्षे जगणारे गवत आधी मुळांचा विचार करते, दाणा त्याच्या लेखी दुय्यम. माणसाला दाणा हवा होता. त्याने मोठा दाणा निवडला, आणि त्याबरोबर दरवर्षीची नांगरटही आली.

अमेरिकेच्या मधल्या भागातल्या कॅन्सस राज्यात सलाइना नावाचे गाव आहे. तिथे वेस जॅक्सन आणि त्यांच्या पत्नी डाना यांनी १९७६ मध्ये 'द लँड इन्स्टिट्यूट' ही संस्था काढली. त्या मुलखात पूर्वी नजर पोहोचेल तिथवर उंच गवताची कुरणे होती. कोणी नांगरले नव्हते, खत घातले नव्हते, तरी माती काळी आणि खोल. नंतर कुरणे मोडून गहू-मका आला आणि तीच माती वाऱ्या-पाण्याबरोबर जाऊ लागली. जॅक्सन यांचा प्रश्न सरळ होता : कुरणासारखे वर्षानुवर्षे उभे राहणारे आणि तरीही माणसाचे पोट भरणारे धान्य का असू नये?

हा प्रश्न त्यांच्याआधीही कोणाकोणाला पडला होता. सोव्हिएत रशियात निकोलाय त्सित्सिन या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात गव्हाचा रानगवताशी संकर करून असा गहू काढायचा प्रयत्न केला. नंतर अमेरिकेच्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठातही त्या वाटेने काम झाले. सलाइनाच्या संस्थेने गव्हाबरोबर दुसरी वाटही धरली. गव्हाला बहुवर्षायू करण्याऐवजी जे गवत आधीच बहुवर्षायू आहे, त्याचाच दाणा मोठा करायचा. गव्हाच्या दूरच्या नात्यातले एक गवत मूळचे तुर्कस्तान, इराण, मध्य आशियाकडचे. अमेरिकेत ते गुरांच्या चाऱ्यासाठी आणले गेले होते. पेनसिल्व्हेनियातल्या रोडेल संस्थेने १९८० च्या दशकात ते निवडले, आणि २००३ पासून सलाइनात त्याची पिढ्यान्‌पिढ्या निवड सुरू आहे. त्याच्या दाण्याला त्यांनी 'कर्न्झा' असे नाव दिले. ते नाव संस्थेच्या नावे नोंदलेले आहे, परवानगीशिवाय कोणी त्या नावाने धान्य विकू शकत नाही. मिनेसोटाच्या विद्यापीठाने २०१९ मध्ये इथल्या हवेसाठी त्याचे स्वतःचे वाणही काढले. आम्ही घरचे बागवाले विकत काहीच नाही, त्यामुळे आमच्यात ते नुसते 'गवत'च.

आम्ही म्हणजे नऊ घरे. त्या बाईंनी पुड्या वाटल्या होत्या. कोणाची जमीन रेताड, कोणाची चिकण, कोणाचे अंगण झाडाच्या सावलीत. प्रत्येकाने दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद वाफा करायचा, जमल्यास शेजारी तेवढाच वाफा साध्या गव्हाचा, आणि वहीत लिहायचे : अंकुर कधी आला, लोंबी कधी निघाली, उंची किती, तण किती, दाणा किती. दरवर्षी फेब्रुवारीत, बाहेर काही करता येत नाही तेव्हा, सगळ्यांनी एकत्र बसून वह्या उघडायच्या. शास्त्रज्ञांच्या शेतातले आकडे आमच्या आकड्यांपेक्षा कितीतरी पक्के असतात. पण दाणा ताटात कसा येतो, तो सोलायला किती संध्याकाळी जातात, मुले खातात की ताट सरकवतात, हे घरातच कळते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पेरले. या गवताला थंडी लागते. हिवाळ्याचा गारठा सोसल्याशिवाय त्याला लोंबीच येत नाही. बर्फ पडण्याआधी बोटभर हिरवळ झाली, मग सगळे पांढऱ्याखाली गेले. एप्रिलमध्ये शेजारचा वाफा खणून मी गहू पेरत होते, तेव्हा हे गवत वीतभर वर आले होते.

त्याच महिन्यात अब्बांशी फोनवर बोलताना मी सहज सांगितले. अब्बा तेव्हा बहात्तर वर्षांचे. अम्मीला जाऊन सहा वर्षे झाली होती. मोठे भाईजान कुवेतला, धाकटा मुंब्र्याला. घरी अब्बा आणि आमची बेवा फुफी. शेत म्हणाल तर पऱ्याकाठची दोन खाचरे आणि वर डोंगराच्या उताराला वरकस तुकडा. जून-जुलैत लावणीला माणूस मिळत नाही. जे मिळतात ते एकाच दिवशी चार घरांना हवे असतात. मजुरी, खत, पॉवर टिलरचे भाडे धरले तर घरचा तांदूळ दुकानातल्या तांदळापेक्षा महाग पडतो. वरकसावर पूर्वी नाचणी व्हायची, ती कधीचीच बंद. एका गृहस्थांनी फार्महाऊससाठी तिन्ही तुकड्यांना चांगला भाव सांगितला होता. भाईजान म्हणत होते, द्या. धाकट्याला मुंब्र्याच्या घराचे हप्ते फेडायचे होते, तोही म्हणत होता, द्या. अब्बा 'हो' म्हणत नव्हते आणि 'नाही'ही म्हणत नव्हते.

माझे ऐकून ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "एकदा पेरले की दरवर्षी येते? म्हणजे उसाच्या खोडव्यासारखे?"

"हो अब्बा, खोडव्यासारखेच. पण धान्याचे."

"लावणी नाही?"

"नाही."

"बेटा, मग आपल्याला हेच हवे होते. तू नीट बघ. मी त्यांना थांबायला सांगतो."

मी म्हटले, "अब्बा, इथली हवा वेगळी." पण त्यांनी तोवर फोन फुफीच्या हातात दिला होता.

त्या दिवसापासून माझा वाफा नुसता हौसेचा राहिला नाही. दर शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की अब्बांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न गवताचा. लोंबी आली का? किती बोटे? दाणा भरला का? पाखरे खातात का? पाखरे खातातच. लोंब्या पिकू लागल्या की इथल्या पिवळ्या फिंच पक्ष्यांचे थवे उतरतात. मी जाळी टाकायचे म्हटले तर अब्बा नको म्हणाले. पेरणाऱ्याच्या पिकातून माणसाने, पाखराने, जनावराने जे खाल्ले ते त्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते, हे आम्ही लहानपणापासून त्यांच्याकडून ऐकत आलो. मी अर्ध्या वाफ्यावर जाळी टाकली आणि अर्धा सोडून दिला.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पहिली कापणी झाली. विळ्याने लोंब्या कापल्या, चादरीवर वाळवल्या, काठीने झोडल्या. इथवर सोपे. पण या दाण्याचे फोलपट त्याला घट्ट चिकटून असते. हातजात्याचे दोन भाग सैल ठेवून त्यातून दाणा काढायचा, मग पाखडायचे. दापोलीहून आणलेले वेताचे सूप इतकी वर्षे भिंतीवर शोभेला होते, ते खाली काढले. अकरा संध्याकाळी गेल्या. स्वच्छ दाणा भरला ४६० ग्रॅम. शेजारच्या तेवढ्याच वाफ्यातला गहू सव्वादोन किलो, आणि तो दोन संध्याकाळींत साफ झाला.

अब्बांना आकडे सांगितले. म्हणाले, "पाचवा हिस्सा."

"हो. शास्त्रज्ञांच्या शेतातही गव्हाच्या मानाने चौथा-पाचवा हिस्साच येतो. दाणाही गव्हाच्या पाचव्या हिश्शाएवढा."

"पण लावणी नाही," अब्बा म्हणाले.

पुढच्या रमजानमध्ये, म्हणजे २०२३ च्या मार्चमध्ये, मी त्यातला अर्धा दाणा खिचड्यात घातला. रात्रभर भिजवला, गव्हापेक्षा थोडा जास्त शिजवला, मग डाळी आणि गोश्त. चव खमंग, किंचित गोडसर, अक्रोडाची आठवण करून देणारी. इफ्तारला आलेल्या हैदराबादी भाभींनी विचारले, हलीममध्ये हे काय घातले? मी म्हटले, अंगणातले गवत. उरलेल्याचे पीठ केले. नुसत्या पिठाची चपाती तुटते, पाव फुगत नाही. निम्मे गव्हाचे पीठ मिसळले तर चपाती मऊ होते. ज्यांना गव्हातले ग्लुटेन सोसत नाही त्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये, ते यातही असते. प्रथिने आणि चोथा गव्हापेक्षा जास्त, हा त्याचा गुण. या धान्याचा दुकानात आलेला पहिला माल होता बिअर, २०१६ मध्ये. ते ऐकून अब्बा म्हणाले, "लोकांना चांगली गोष्ट सापडली की आधी तिचे हेच सुचते. तुझा खिचडा बरा."

२०२३ चा उन्हाळा इथे कोरडा गेला. गव्हाला मी दर दोन दिवसांनी पाणी घालत होते, तरी तो दीड किलोवर आला. गवताला एकदाही पाणी घातले नाही. त्याची मुळे दहा फुटांपर्यंत खोल जातात. वरची माती भाजत असताना ते खालची ओल पीत होते. दाणा आला ४१० ग्रॅम. पहिल्यांदाच मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

पण खरी गोष्ट दिसली ती २०२४ मध्ये, आणि ती दाण्याची नव्हती. त्या वर्षी वसंतापासून जूनपर्यंत इथे फार पाऊस झाला. गव्हाचा वाफा ऑगस्टच्या कापणीपासून उघडाच होता. एप्रिलमध्ये मी तो खणला, मेमध्ये रोपे बोटभर होती, आणि पाऊस कोसळला. सकाळी पाहिले तर वाफ्याच्या उताराकडच्या टोकाला फरशीवर गाळ साचला होता. काळी, मऊ, चाळून ठेवल्यासारखी माती. मी ती घमेल्यात भरली. दोन घमेली भरली. शेजारच्या गवताच्या वाफ्याखालून मात्र स्वच्छ पाणी निथळत होते. मिनेसोटात काही गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींभोवती हे धान्य मुद्दाम लावतात, त्याचे कारण हेच. खोल मुळे माती धरतात आणि मक्याच्या शेतातून जमिनीत झिरपणारे खताचे नायट्रेट विहिरीत जाण्याआधी शोषून घेतात.

घमेल्यांचा फोटो मी अब्बांना पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. म्हणाले, "आपल्या वरकसावरची माती अशीच गेली. नाचणीसाठी तुझे दादा दरवर्षी उतार उकरायचे आणि पहिल्या पावसात पऱ्या लाल व्हायचा. आम्हाला वाटायचे, पावसाचा रंगच तसा."

त्या वर्षी दाणा मात्र उतरला, २४० ग्रॅम. हे सगळ्यांच्याच वह्यांत होते. दोन-तीन वर्षांनी रोपे एकमेकांत इतकी दाटतात की पाने पुष्कळ आणि लोंब्या थोड्या होतात. आमच्यातल्या एकाने मधले पट्टे कुदळीने काढून ओळी मोकळ्या केल्या होत्या, त्याचा दाणा टिकला होता. दुसरीने तिन्ही वर्षे फक्त न झडणाऱ्या लोंब्यांचे बी बाजूला ठेवले होते. हे गवत वाऱ्यावर परागीभवन करते, एकाचे बी दुसऱ्यासारखे निघत नाही. त्यामुळे चांगली आई निवडून बी राखायचे काम दर पिढीला पुन्हा करावे लागते. गव्हावर माणसाने दहा हजार वर्षे ते केले. या गवतावर अजून पन्नासही झाली नाहीत.

इकडे अब्बांनी थांबवलेले गृहस्थ दुसरी जमीन पाहू लागले होते. भाईजानचा मला फोन आला. ते रागावून बोलत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "तू तिकडे बसून अब्बांना गवताची स्वप्ने दाखवतेस. इकडे त्यांचे गुडघे चिखलात उतरत नाहीत. काय ते एकदा स्पष्ट सांग." त्यांचे म्हणणे रास्त होते. अब्बांना सगळे मोजमाप देऊन उत्तर द्यायची वेळ आली होती.

मी वही पुढे ठेवली आणि फोन लावला. म्हटले, "अब्बा, हे गवत आपल्याकडे होणार नाही. याला हाडे गोठवणारा हिवाळा लागतो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि बारा महिने उकाडा. हे उगवेल, पण त्याला लोंबी धरणार नाही."

पलीकडे शांतता. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, कारण तीही खरी होती. चीनच्या युन्नान प्रांतातल्या विद्यापीठात हू फेंगयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या एका बहुवर्षायू रानभाताशी साध्या भाताचा संकर करून, वीसहून अधिक वर्षे निवड करत, एकदा लावून अनेक वर्षे कापायचा भात तयार केला आहे. पीआर-२३ हे त्याचे वाण २०१८ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांना मिळाले. एका लावणीवर चार वर्षांत आठ पिके घेतली, आणि दर पिकाला हेक्टरी सरासरी ६.८ टन भात आला, म्हणजे दर हंगामात नव्याने लावलेल्या भाताइतकाच. पाचव्या वर्षी उतार पडतो, मग पुन्हा लावायचे. दुसऱ्या पिकापासून मजुरी निम्म्याहून कमी. २०२१ मध्ये ४४ हजारांवर लहान शेतकऱ्यांनी तो १५ हजारांहून जास्त हेक्टरांवर लावला होता.

मला वाटले, अब्बा आनंदाने उडी मारतील. त्यांनी विचारले, "दोन पिकांच्या मधे त्यांच्याकडे पाणी असते?"

"हो, ओलिताची जमीन आहे."

"आणि गुरे?"

मला कळले नाही.

"बेटा, दिवाळी झाली की आपले खाचर भेगाळते. पऱ्या डिसेंबरात आटतो. भाताची मुळे जगवायची तर मेपर्यंत पाणी कोण देणार? आणि कापणी झाली की सगळ्या गावाची गुरे मोकाट सुटतात. आपल्या एकट्याच्या खाचरात हिरवे दिसले तर ती दुसरीकडे कशाला जातील? बारा महिने कुंपण आणि राखण आली. लावणीचे चार दिवस वाचवायला आठ महिन्यांची राखण." ते थोडे हसले. "ज्याच्याकडे पाटाचे पाणी आहे त्याने जरूर करून बघावे. आपल्या खाचराचे ते नाही."

चार वर्षांच्या माझ्या वहीत हा हिशेब कुठे नव्हता. तो त्यांच्याकडे होता.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले त्यासाठी हा लेख लिहिला आहे. ते म्हणाले, "मला जमीन विकायचे वाईट वाटत नव्हते. माझ्या आजोबांनी एक तुकडा विकूनच माझ्या वडिलांना शिकवले. पण आपल्या घरातून दरवर्षी भाताचा उश्र निघतो. पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा. निसाब भरो न भरो, माझ्या वडिलांनी तो कधी चुकवला नाही, मीही नाही. हाताने मोजून दिलेला भात आणि बँकेतून काढून दिलेले पैसे, दोन्ही अल्लाहला पोहोचतात. पण तुमच्या मुलांना पहिले कधी दिसलेच नाही, तर मातीचा हक्क असतो हे त्यांना कळणार कसे?"

मग त्यांनी मला वरकसावर काय लावता येईल ते विचारले नाही, सांगितले. "एकदा लावायचे आणि वर्षानुवर्षे घ्यायचे ते आपल्याकडे आधीपासून आहे. काजू. उतार उकरायला नको, माती जाणार नाही. खाली गवत तसेच राहू दे. तुझ्यासारखा मीही तुकडा करून पाहतो. तीन वर्षे मला द्या. मग विकायचे तर विका."

भावांशी बोलणे सोपे गेले नाही. धाकट्याचे हप्ते खरे होते. शेवटी भाईजानने आणि मी मिळून त्याला उसने दिले, आणि तिघांनी तीन वर्षांची मुदत मान्य केली. दोन्ही खाचरे वाडीतल्याच एका तरुणाने अर्धेलीने केली आहेत. गेल्या पावसात वरकसावर काजूची पंचेचाळीस कलमे लागली. त्यातली सहा मेली, बाकी जगली आहेत. फुफी त्यांना वाळलेल्या पाल्याचे आच्छादन करते. खाचरातल्या अर्ध्या वाट्याचा भात घरी आला, आणि अब्बांनी त्यातला दहावा हिस्सा मोजून वेगळा काढला, तेव्हा भाईजानचा मुलगा सुटीवर तिथेच होता. पायली त्याच्या हातात दिली होती. तो मध्येच मोजणी विसरला आणि अब्बांनी पहिल्यापासून मोजायला लावले, असे फुफी सांगत होती.

माझ्या वाफ्याचे पुढे काय झाले, तेही सांगते. २०२५ च्या वसंतात मी मधले पट्टे काढून ओळी मोकळ्या केल्या. दाणा २९० ग्रॅम आला. पोट भरायला हे धान्य अजून खूप दूर आहे, हे मी कोणालाही सांगते. घरच्या बागेत चार वर्षांत माझ्या हाती एकूण १,४०० ग्रॅम दाणा आला. एवढ्यात एका कुटुंबाचा आठवडाही निघत नाही. तरी मी हा वाफा मोडणार नाही. चार वर्षांत त्या शंभर चौरस फुटांतली चमचाभर मातीही फरशीवर आली नाही, आणि तिथे गांडुळे इतकी आहेत की खुरपे घालताना जपावे लागते.

आपल्यापैकी अनेकांची जमीन कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात पडीक आहे किंवा विकायच्या वाटेवर आहे. परदेशातल्या एखाद्या नव्या धान्याची बातमी वाचून गावी फोन करण्याआधी एक काम करावे. गावातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारावे की आपल्या तुकड्यावर पाणी कधी आटते, गुरे कधी सुटतात, आणि पहिल्या पावसात माती कुठून जाते. त्या तीन उत्तरांत बहुतेक वेळा काय लावायचे तेही सापडते. काजू असेल, बांबू असेल, चिंच किंवा बोर असेल, नुसता चाऱ्याचा पट्टा असेल. आधी एका वाफ्यावर करून पाहावे, आणि जे येईल ते वहीत लिहावे.

येत्या सप्टेंबरात मी गव्हाचा वाफाही या गवताला देणार आहे. त्यासाठी न झडणाऱ्या लोंब्यांचे बी बाजूला काढून ठेवले आहे. त्यातल्या दोन पुड्या आमच्या मशिदीमागच्या बागेसाठी आहेत, तिथली मुले पेरतील. पुडीवर त्यांच्यासाठी मी एवढेच लिहिले आहे : कापा, उपटू नका.